आखूड काटे

रुपेल नदीकाठच्या विटांच्या खाणीत
फिर्मिन सेखर्सनं क्रेन थांबवली
आणि बाराव्या थरातला एक ठोकळा कापून दिला मला,
काळपट, लोण्यासारखा.
"काय असतं हो यात, बाई?"
"घरं," मी म्हटलं. "रिकामी."
तो हसला. चार पिढ्या त्यांच्याकडे
याच मातीच्या विटा भाजल्या जातात,
आणि भट्टीत माझं काहीच टिकत नाही.

गेंटला आणून ती माती आम्लात घातली.
आधी चुना गेला, फसफसत.
मग वाळूही गेली, त्या दुसऱ्या आम्लात
ज्याला काच खाता येते आणि हाडही,
म्हणून दोन-दोन हातमोजे,
म्हणून एकटीनं करायचं नाही असा नियम.
उरलं ते चिमूटभर तपकिरी.

ग्लिसरीनच्या थेंबात तो पहिल्यांदा दिसला
मंगळवारी चार वाजता, बाहेर अंधारून आलेलं.
डायनोफ्लॅजेलेटचा कोष, व्यास अडतीस मायक्रॉन.
काटे आखूड, टोकाला फाकलेले.
वहीत लिहिलं: हरणाच्या शिंगांसारखे. खोडलं.
लिहिलं: वाळत घातलेल्या हातमोज्याच्या बोटांसारखे.
तेही खोडलं. वर्णनात उपमा चालत नाही.
"पोकळ, टोकाशी उघडे, लांबी तीन ते पाच" हे चालतं.
पाठीवरची एक तबकडी नाही.
तिथून आतला जीव उठून गेला
तीन कोटी वर्षांपूर्वी,
दार न ओढता.

असे अठरा मिळाले.
वानेस म्हणाला, नाव सरांचं देऊ, निवृत्त होतायत.
मी मनात वेगळंच घोळवत होते:
फिर्मिनिई.
लॅटिनची षष्ठी. फिर्मिनचा, एवढाच अर्थ.

पण काटे आखूड का?
जुना, सगळ्यांना ठाऊक असलेला, लांब काट्यांचा
बाराव्या थराच्या खालीही आहे, वरही.
समुद्र खारा असला की काटे वाढतात,
नदी आत शिरली की खुंटतात.
मग ही नवी जात,
की जुन्याच जातीचे वाईट दिवस?

तीन आठवडे मोजत बसले. एकशे नव्वद कोष.
पाच आणि नऊच्या मधे कुणी नसावं,
एवढीच इच्छा.
एकेचाळिसाव्या काचपट्टीवर सहाचा निघाला.
मग साडेसहाचा.
मग एकच कोष, एका अंगाला चार, दुसऱ्या अंगाला आठ.
दिवा मालवला. लावला. पुन्हा मोजलं.
ती पट्टी हातातून पडली असती
तर वानेसलाही कळलं नसतं.
नाही पडली.

तक्त्यात लिहिलं:
जुन्याच जातीचा, आखूड काट्यांचा प्रकार.
अठरा पट्ट्या खोक्यात गेल्या, खोकं कपाटात,
आणि सरांना आम्ही छत्री दिली.

मार्चमध्ये पुन्हा खाणीवर गेले.
"सापडलं का काही?"
नावाचं त्याला कधी बोलले नव्हते,
त्यामुळे परत काही घ्यावं लागलं नाही.
"बाराव्या थरात," म्हटलं, "समुद्राला मीठ कमी पडलं होतं."
त्यानं खाली वाकून एक ढेकूळ उचललं,
कोपरा जिभेला लावला, थुंकला.
"हो," म्हणाला, "आळणीच आहे."