ताणाची वही

पायसांदूच्या नदीकाठच्या क्लबात
जिन्याखालच्या खोलीत माझं यंत्र आहे,
आणि निळ्या पुठ्ठ्याची वही.
नाव, तारीख, ताण.
तिसाव्या पानापासून जवळजवळ एकच नाव:
इरुपे एचेगोयेन.

एकोणिसाव्या वर्षी बासष्ट पौंड मागायची.
मी म्हणायचो, पोरी, ही तार आहे,
कुणाचा गळा नाही.
ती हसायची नाही. जिंकल्यावर हसायची,
तेही अर्ध्या ओठाने,
उरलेलं पुढच्या फेरीसाठी राखून.

गाईच्या आतड्याची तार.
आमच्या गावात कत्तलखान्याच्या भोंग्यावर
लोक घड्याळं लावत.
तिचा बाप तिथे सुऱ्यांना धार करायचा.
तार चिमट्यात धरून ओढताना
ती बारीक कण्हते, तेव्हा मला
त्याचीच आठवण यायची,
रविवारी कोर्टाच्या कुंपणाला नाक लावून उभा,
हात पाठीमागे, धुतलेले, तरी लाल.

वही उलटा.
बासष्ट. बासष्ट. साडेएकसष्ट.
खांदा कापला त्या वर्षी अठ्ठावन्न.
सांगून ठेवतो, तार सैल केली
की चेंडू आपोआप लांब जातो.
हाताने द्यायचं ते तार देते.
उसनं बळ.
व्याज कुठून वळतं होतं ते गुडघ्याला विचारा.

छप्पन्न.
मग एका नोव्हेंबरात ती स्वतः जिन्याखाली आली,
दार लोटून घेतलं, म्हणाली,
"त्रेपन्न कर, आन्सेल्मो. वहीत लिहू नकोस."
नाही लिहिलं.
तिथे तारीख आहे, आणि पुढे कोरं.
एवढं एक पान मी कुणाला दाखवत नाही.

शेवटची मॅच मोन्तेव्हिदेओला, पात्रता फेरीत.
समोरची सतरा वर्षांची,
तिच्या पिशवीला कापडी माकड लटकलेलं.
चेंडू जाळीपलीकडे अलगद टाकला तिने.
पूर्वी इरुपे तिथे आधीच पोचलेली असायची.
त्या दिवशी ती जागेवरून बघत राहिली,
निघून गेलेल्या बसकडे बघत
एखादी बाई पिशवीचा बंद सारखा करते, तशी.
मग बोटांनी तारा सरळ केल्या.
तारा सरळच होत्या.
मी विणल्या होत्या.

पेपरवाले म्हणाले, आधीच थांबायला हवं होतं.
कधी?
मी वही चाळून बघितली. त्यात तशी तारीख नाही.

आता ती सकाळी विटांच्या भुकटीवर
पाणी मारते, रूळ ओढते, लंगडत.
शिकवत नाही कुणाला. विचारलं तर म्हणते,
मला कुठे माहीत आहे मी काय करत होते.
करंडक आईच्या घरी;
त्यातल्या एकात कपड्यांचे चिमटे आहेत.

आणि मायतेना, बसड्रायव्हरची मुलगी, अकरा वर्षांची,
सर्व्हिसच्या आधी डाव्या मनगटाने
उजवी भुवई पुसते.
घाम नसला तरी.
जानेवारीत पुसते, जुलैच्या थंडीतही.
इरुपेच्या उजव्या भुवईवर खूण होती,
फाटक लागून तीन टाके पडलेले,
त्यातून घाम डोळ्यात उतरायचा.
मायतेनाने तिचा खेळ कधी पाहिलेला नाही.
थोरल्या मुलीचं बघून उचललं,
त्या मुलीने आणखी कुणाचं बघून.
भुवई कोरी आहे पोरीची.
मनगट मात्र टाके शोधतं.

काल ती खाली आली,
रॅकेट टेबलावर आपटली.
किती ताण? मी विचारलं.
"बासष्ट," म्हणाली.
कुणी सांगितलं?
खांदे उडवले तिने.

बाहेर रुळाचा आवाज थांबला होता.

मी पंचेचाळीसच ओढली,
कोवळा हात आहे.
वहीत लिहिलं: बासष्ट.