अंगठा

जैवनीतीच्या तासाला इनामदार मॅडमनी
फळ्यावर चार शब्द लिहिले.
मी तीनच उतरवून घेतले.
खिडकीबाहेर मोर ओरडला, तिकडं बघितलं,
तोवर चौथ्यावर डस्टर फिरलं.

शनिवारी सुभाषनगरात गेलो.
फॉर्म पाच पानी. मराठीच,
पण कडक इस्त्री केलेली.
"सहभागी व्यक्ती कोणत्याही क्षणी माघार घेऊ शकते,"
मी वाचत होतो, आणि हौसाक्का
चपलेच्या वेणीचं टोक दातात धरून ओढत होती.
टोक सोडून म्हणाली,
"माघार म्हंजे? काढल्यालं रगात
परत घालतोस व्हय रं?"

उत्तर पुस्तकात होतं,
पण ते नमुन्याबद्दल होतं.
रगताबद्दल नव्हतं.

ती हसली. हात पुढं केला. "आण तुजी शाई."
एकदा दाबला. दोनदा. मग पदराला पुसून तिसऱ्यांदा.
चाळीस वर्षं चामडं वळून वळून
अंगठ्यावरच्या रेघाच गेलेल्या.
कागदावर नुसता निळा डाग,
फुटक्या जांभळासारखा,
कुणाचाही असेल असा.

आता हिची संमती कुठं शोधायची?
हो तर तिनं केव्हाच म्हटलेलं,
वर चहा पाजलेला, आल्याचा.

परतताना केएमटीत फॉर्म मांडीवर वाळत होता.
पान उलटलं तर कोपऱ्यात
माझंच बोट उमटलेलं,
एकेक रेघ स्वच्छ.

सोमवारी मॅडमना चौथा शब्द विचारला.
"न्याय," त्या म्हणाल्या,
"लिहून घे. परीक्षेला येतो."