पाठभेद

इलोइलोच्या कोर्टात मी दुभाषी आहे, बावीस वर्षं.
साक्षीदार हिलिगायनोनमध्ये रडतात,
मी इंग्रजीत रडत नाही.
टंकलेखिकेला हुंदका लागत नाही, क्रियापद लागतं.

आज पिंजऱ्यात प्रेझेन्तासियोन फाल्दास.
पायात कुणाच्या तरी चपला, टाचा बाहेर.
सात वाजून गेले होते, ती सांगते,
तेलेस्फोरो मागच्या दारात तांदूळ धूत होता.
दुसरं पाणी ओतायचं नाही असं मी त्याला सांगितलं होतं,
त्यात मासे शिजवते मी.
हे सगळं मी शब्दाला शब्द सांगितलं.
न्यायाधीशबाईंनी पेन उचललं नाही.

मग ती म्हणाली, नगतालिकोद.
किंवा, नगातालिकोद.
छताचा पंखा नेमका मध्ये बोलला.

एका कान्याचा फरक.
काना नसेल, तर पाठ फिरवलेली होती त्याने,
हात पातेल्यात, नजर पाण्यात.
गोळी बेसावध पाठीत गेली, तो दगा.
दगा म्हणजे खून, आणि खून म्हणजे चाळीस वर्षं.
काना असेल, तर पाठ फिरवत होता.
म्हणजे पिस्तूल पाहिलं होतं,
तळ्याच्या हद्दीवरून भांडलेलं तोंड ओळखलं होतं,
आणि पळायला वळला होता.
मग तो नुसता मनुष्यवध. विसाच्या आत.

मेलेला दोन्हीकडे सारखाच मेलेला.

बाकीची वजनं सरकारी वकिलांनी आधीच पारड्यात टाकलीत.
रात्र होती.
पण रात्र मुद्दाम निवडली, की आपली आपण झाली?
पिस्तुलाला परवाना नाही.
आणि घर. स्वतःच्या घरात मारलेला माणूस
कायद्याला जरा जास्तच मेलेला वाटतो.
तर बचावाचे वकील अर्धा तास उंबऱ्यावर:
एक पाय आत होता, एक बाहेर,
तेव्हा गोळी कुठल्या पायाच्या माणसाला लागली?
कुणी हसलं नाही. मीही भाषांतर करताना हसले नाही.

ज्याने झाडली तो रोडेल मोन्साले भिंतीकडे बघत बसलेला.
त्याच्या शेजारी जेरविन नुफाब्ले, एकोणीस वर्षांचा,
ज्याने फक्त मोटारसायकल चालवली.
फक्त, हा शब्द त्याच्या जबाबात अकरा वेळा आहे.
दोघांचं ठरलेलं असेल, तर एकाचा हात तोच दुसऱ्याचा.
ठरलं होतं का, हे कोण सांगणार?
शेजारची मुलगी म्हणाली, इंजिन बंदच झालं नाही.
तेवढ्या घरघरीवर
एका पोराचं उरलेलं आयुष्य टांगलंय.

बाई म्हणाल्या, साक्षीदाराला परत विचारा.
मी विचारलं: मानांग, वळलेला होता, की वळत होता?
ती माझ्याकडे बघत राहिली,
आपल्याच भाषेत आपल्याला कुणी परकं करावं तशी.
मग चपला काढल्या तिने,
अनवाणी, हळूच,
न्यायासनाकडे पाठ करून उभी राहिली.
झग्याची मागची चेन अर्धीच लागलेली.
हात पुढे, पातेलं धरल्यासारखे.

टंकलेखिका माझ्याकडे बघते आहे.
बचावाचे वकील उठलेत: हरकत आहे,
ही वळताना दिसली आपल्याला, वळलेली नव्हे.
सरकारी वकील: आत्ता तरी वळलेलीच आहे ना?
बाई मला विचारतात, याचा अर्थ काय लिहायचा?

ऐकलंय, कुठल्याशा राज्यात
एका अक्षराने एक तरणा माणूस मारला होता.
अक्षर बदलणाऱ्याला झोप लागली का, ते ऐकलेलं नाही.

मी काय सांगितलं ते नोंदीत आहे.
जाऊन वाचा.

जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात
बेड्यांतल्या हातांनी जेरविन पावाचा तुकडा मोडत होता.
मी जवळून गेले तेव्हा म्हणाला,
पोलिसाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू,
मानांग, इंजिन बंद केलं असतं तर?

सवयीने मी मान वळवली,
हे कुणाला सांगायचंय ते बघायला.
तिथे कुणीच नव्हतं.