हवा धरली

सेल्फ फिरतोय.
खर्र खर्र खर्र खर्र,
आणि लागत नाही.

पहाटेचे सव्वासहा, जानेवारी, कोल्हा पाटी.
मागं जिनिंगला निघालेल्या नऊ बाया,
मांडीवर डबे, कानाला मफलर,
आणि नवांचं मिळून एकच निदान:
बॅटरी बसली.

बॅटरी बसली असती तर सेल्फ फिरला कसा असता, पद्मीणकाकू?
हे मी मनातच म्हणाले.
हे माझं नाहीच मुळी, ख्वाजा मिस्त्रीचं आहे,
ज्याच्याकडून ही जीप घेतली, आणि जीपसोबत
दहा-बाराचा पाना, एक टेस्टर, पुष्कळ शिव्या.

मिस्त्री आता परभणीत, लेकीच्या घरी.
दिवाळीपासून उजवं अंग गेलंय.
त्याच्या गॅरेजात मोबाइलची कव्हरं विकतात.
फोन उशाशीच असणार,
कारण पहिल्या रिंगला "हौ" आला,
जसा काही गाडीखालीच झोपला होता.

"सांगू नको. ऐकव."

शेवंतानं माझा फोन दोन्ही हातांनी बॉनेटखाली धरला,
आरतीचं ताट धरावं तसा.
मी चावी फिरवली. त्यानंच शिकवलेलं:
दहा मोजायचे, सोडायचं,
सेल्फला दम खाऊ द्यायचा. जळतो नाहीतर.

"स्टॉपची दोरी?"
आत आहे, मिस्त्री.
"धूर?"
शेवंता मागं पळाली, वाकली, हुंगून आली.
काळा नाही, पांढरा नाही, काहीच नाही.
"म्हणजे डिझेल पोचंनाच गेलंय. फ…"
फ.
फ.
जीभ जड झालीय त्याची.
मला शब्द माहीत होता. मी दहा मोजले.
"फिल्टर."

फिल्टरवरचा स्क्रू अर्धा आटा सैल.
हातपंप दाब. दाब. दाबतच राहा.
कपडे धुतल्यासारखा फेस आला.
"फेस म्हंजी हवा धरली.
हवा उगंच नाही येत पोरी, कुठून तरी शिरती.
टाकीपासून बघत ये.
डोळ्यानं नको. बोटानं."

मी गाडीखाली उताणी, पाठीला गार मुरूम.
इथून नवांच्या नऊ जोड्या टाचा दिसतात,
भेगांमधे कालचा कापूस.
बोटं नळीवरून सरकत गेली, सरकत गेली,
आणि क्लिपेपाशी ओली झाली.
उंदराचे दात. तिळाएवढे दोन.

"काप. चार बोटं काप.
उरलेली पुरती. बसवतानाच लांब ठेवलीय मी."

ब्लेड कुणाकडंच नव्हतं.
पद्मीणकाकूनं बटव्यातून अडकित्ता काढला,
आधी लुगड्याला पुसला,
आणि नंतर धुऊन देशील, असं बजावून दिला.
थुंकी लावून नळी चढवली, क्लिप आवळली,
पुन्हा पंप, पुन्हा फेस, मग फेस विरळ,
मग एक सरळ धार, बिनबुडबुड्याची.

स्क्रू बंद. चावी.
सात मोजेपर्यंत काहीच नाही.
आठला एक ठोका. नऊला दोन.
मग सगळी जीप अंग झाडून उठली
आणि तिचा पहिला धूर थेट
चहाच्या हॉटेलातल्या पोह्यांवर गेला.

बाया चढल्या. भोंगा कधीच होऊन गेलेला,
आज अर्धा खाडा, आणि मुकादमाशी भांडण माझ्या नावानं.
ठेवू का मिस्त्री?
"थांब."
मग कितीतरी वेळ नुसता श्वास.
"तिसरा नोजल… टिकटिकतोय."
दाखवून घेते.
"रा… राहू दे. चालू ठेव."

फोन डॅशबोर्डवर, मीटरजवळ, चालूच.
बायांचं मीठमिरचीचं बोलणं त्याला गेलं असंल,
रस्त्याचे खड्डेही गेले असतील.
मानवतच्या अलीकडं चढाला
मी गिअर टाकायला उशीर केला,
तेव्हा पलीकडून शिवी आली,
अख्खी,
एका दमात.