वळसा

ओतारचा हात पेल्याकडे सरळ जात नाही.
आधी खांदा उठतो, बाहेर वळतो,
मग अख्खा हात
गावाबाहेरच्या रस्त्यानं निघाल्यासारखा
लांबून फिरून टेबलाशी पोचतो.
कोपर वाकवणारा स्नायू शाबूत आहे,
उलगडणारा नाही.
ते काम आता पृथ्वी करते.

याच हातानं तो पहाटे चारला
तोनेच्या तोंडात कंबरेपर्यंत वाकायचा,
तलवारीसारखी लांबट कणीक
आतल्या धगधगत्या भिंतीवर थापायचा
आणि भुवया शाबूत ठेवून वर यायचा.
रिओनीचं पाणी ऑगस्टात उतरतं,
हे आम्हा दोघांनाही लहानपणापासून ठाऊक.
तरी त्यानं उडी मारली.
तरी मी काठावरून टाळ्या वाजवल्या.

एका रात्री उताणा असताना
कपाळावरची माशी हाकलायला त्यानं हात वर नेला.
हात कोसळला, थेट नाकावर.
रक्त आलं. आम्ही इतके हसलो
की नर्स धावत आली.
नंतर मी जिन्यात जाऊन बसले.

नातेला, त्याची थेरपिस्ट, मला दटावते:
बोटं सरळ करत बसू नका. आखडू द्या.
त्या आखडण्यातच त्याची पकड आहे.
मनगट वर उचललं की बोटं मिटतील,
मनगट सोडलं की उघडतील.
तीन महिने मी रोज संध्याकाळी
एकेक बोट उलगडून सपाट करत होते,
इस्त्री करावी तशी.
माया म्हणून.

आज ओतारनं हात टेकले.
गादीच्या कडेवर, मुठी मिटलेल्या,
खांदे बाहेर फिरवून
कोपरांना कुलूप घातलं
आणि बूड उचललं.
बोटभर.
नातेलानं पट्टीनं मोजलं, वहीत लिहिलं.
मग तो घामेजल्या तोंडानं म्हणाला, कणीक आणलीस का?

भट्टी आता मी चालवते. माझे दोन्ही हात पोळलेले,
गिऱ्हाईक तरी कुरकुरतंच.
मी वाडगं मांडीवर ठेवलं.
खांदा उठला, हात वळशानं निघाला,
मनगट खाली, बोटं उघडी,
मनगट वर:
अंगठ्याशी चिमूटभर गोळा.
तोंडापर्यंत यायला वेळ लागला.
मी दुसरीकडे बघत राहिले, चुकून मदत होऊ नये म्हणून.

तो चघळत राहिला.
म्हणाला, मीठ कमी पडतंय तुझं.
कधीपासून?