घट

सुवैकच्या मागे, समुद्र जिथे विहिरीतून वर येतो,
तिथे खमीस बिन राशिदच्या खजुरी
शेंड्याकडून वाळत चालल्यात.
त्यांच्यामधल्या दोन एकरांत आम्ही मटकी पेरली.
सप्टेंबर. पारा बेचाळीस.

खमीस म्हणाला, एवढ्याशा दाण्यासाठी विमान?
मी म्हटलं, हिला पाणी कमी लागतं.
खरं तर दाखवून काढून घ्यावं लागतं,
मग ती खाली जाते.

विसाव्या दिवशी ठिबकचा कॉक बंद केला.
मोयेझ रोज संध्याकाळी त्या कॉकपाशी जाऊन यायचा,
कुणी आजाऱ्याच्या खोलीत डोकावून यावं तसा.
वेल जमिनीला पोट लावून पसरली,
आपल्याच पानांनी आपली माती झाकून.
चाळिसाव्या दिवशी एक मूळ खणलं:
माझा हात खांद्यापर्यंत आत,
मूळ अजून पुढेच.

काढणी पहाटे, दव असताना.
ऊन चढलं की शेंगा तडकतात
आणि सगळा हंगाम वाळूत उडतो.
चौघं ओणवे. कुणी बोलत नव्हतं.
फक्त मोयेझच्या फोनवर, बातम्यांत,
बरिसालची कुठलीशी नदी चढत होती.

मस्कतहून अहवाल आला:
नत्र गुणिले सव्वासहा,
म्हणजे चोवीस टक्के प्रथिन.
खमीसने आकडा दोनदा विचारला,
मग बकऱ्यांकडे पाहिलं.

पोती शिवताना सातव्या वाफ्याचे
चारशे ग्रॅम कमी भरले.
काटा पुन्हा शून्यावर आणला. तेवढेच कमी.

रात्री मजुरांच्या खोलीत गेले
तर खिडकीच्या गजाला एक गाठोडं, ओल्या लुंगीचं,
खाली बादली, थेंब थेंब परत घेणारी,
आणि विणीतून बाहेर डोकावणारी
पांढरी शेपटं. शेकड्यांनी.
हिला मोड कसे आणतात
ते मीच सांगितलं होतं, निंदणीच्या दिवसांत,
वेळ जावा म्हणून.
मोयेझ उठून उभा राहिला.
मी काही विचारायच्या आत म्हणाला,
पाणी माझ्या वाटणीचं होतं, मॅडम.

कांदा होता. लसूण होता. खोबरं नव्हतं.
मीठ घातलं होतं की पाण्यातच होतं,
कळलं नाही.
चौघांत पाचवी मी. पातेलं पुसून खाल्लं.

सकाळी वहीत, 'घट' या रकान्यात,
कारण लिहिलं: पक्षी.
संख्या विचारली होती.
आधी पाच लिहिलं,
मग खोडलं.