सकाळचं रीडिंग

वेंगुर्ल्यात समुद्र दीडशे पावलांवर,
आणि मी काचेतल्या समुद्राला
खाण्याचा सोडा मोजून घालतो,
पाण्यात विरघळवून, थेंबाथेंबानं.
घाई केली की प्रवाळ मिटतं.

खिडकी लावून झोपलो
की पहाटे पीएच सात पूर्णांक नऊ.
दोघांचे श्वास रात्रभर टाकीत उतरायचे.
उघडू म्हटलं तर रवळू कुशीवर वळत म्हणायचा,
"बाबा, मासे व्हये काय मी? डास चावतत."

नारळी पुनवेनंतर तो जहाजावर गेला.
वहीत त्या तारखेपासून
आठ पूर्णांक एक.
आठ पूर्णांक एक.
सोडा तोच, अल्कलिनिटी तीच,
खिडकीही बंद.

दुकानदार खूश: असंच राहू दे, काका.

रात्री टाकीचं झाकण सरकवून
मी जवळ खुर्ची ओढतो,
दोघांपुरता श्वास सोडत बसतो.